नगरपरिषद जुनी गिरणी दुरुस्त करतेय, मागच्या चाळीतल्या लोकांनी नेमकं काय विचारायचं?

भोंगा_सातचा

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणारे पण शेवटपर्यंत वाचा, खरंच मदत हवीये.

आमच्या गावातली कापडगिरणी बंद पडून कितीतरी वर्षं झाली. ब्रिटिशांच्या काळातली आहे, सगळं वीटकाम, उंच चिमणी, करवतीच्या दातांसारखं करवती छप्पर, गेटवर घड्याळाचा मनोरा. आधी कामगारांची देणी, मग बँका, मग अवसायक (बंद कंपनीची मालमत्ता निकाली काढणारा अधिकारी), असं सगळं होत होत आता जागा नगरपरिषदेच्या ताब्यात आलीये. निधी मंजूर झालाय, गिरणीचं जतन करणार, आत संग्रहालय आणि "सांस्कृतिक केंद्र" करणार असं सांगतायत. मुख्याधिकारी साहेबांनी गणपती मंडळाच्या हॉलमध्ये सगळ्यांना बोलावून स्लाईड दाखवल्या. चित्रं छान होती, खोटं कशाला बोलू. हिरवळ, दिवे, रंगवलेली चिमणी, बाकांवर बसलेली माणसं. पण त्या चित्रांत आमची चाळ कुठेच नव्हती, त्या जागी झाडं काढलेली होती. हे आधी समोरच्या काकूंच्या लक्षात आलं आणि मग हॉलमध्ये जो आरडाओरडा सुरू झाला तो थांबेचना.

माझी बाजू आधीच सांगते. ही गिरणी वाचावी असं मला मनापासून वाटतं. वडील साचेखात्यात म्हणजे मागांवर होते, आत्या वाइंडिंगला म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती, अर्धं गाव त्या गेटमधून आत गेलेलं आहे. मॉल किंवा टॉवर होण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं. म्हणून मला विरोधाच्या अर्जावर सही करायची नाहीये, पण शेजाऱ्यांची भीती खोटी आहे असंही मला म्हणवत नाही.

भीती काय काय आहे ते लिहिते. चिमणी आमच्या पहिल्या खोल्यांपासून अगदी जवळ आहे, वरच्या बाजूला पिंपळ उगवलाय आणि ती थोडी कलली आहे असं जुनी माणसं म्हणतात. छपराला सगळे सिमेंटचे पत्रे आहेत, ते काढताना धूळ उडणार आणि आमच्याकडे दमेकरी माणसं आहेत. गिरणीच्या आवारात एक मोठा हौद आहे, आम्ही तलावच म्हणतो, तो बुजवून तिथे पार्किंग करणार आहेत. पावसाळ्यात सगळ्या छपराचं पाणी त्या हौदात जातं, हौद बुजवला की ते पाणी कुठे जाणार? चाळ गिरणीपेक्षा खालच्या अंगाला आहे. मग कार्यक्रम, लग्नं, लाउडस्पीकर, रात्रीपर्यंत गाड्या, आणि आमची गल्ली एवढी अरुंद की घंटागाडी आली तरी दुचाकी थांबवावी लागते. आणि सगळ्यात मोठी भीती, जी हॉलमध्ये कोणी मोठ्याने बोललं नाही पण घरोघरी बोलतायत, ती म्हणजे आज सुशोभीकरण आणि उद्या आम्हाला नोटीस. चाळ गिरणीनेच कामगारांसाठी बांधलेली आहे, भाड्याच्या जुन्या पावत्या काही घरांत आहेत, काहींच्या पुरात गेल्या.

प्रश्न विचारायला गेलं की उत्तर मिळतं "सगळं डीपीआरमध्ये आहे". डीपीआर म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल, तो कोणी पाहिलेला नाही. इथे कोणी अशा कामात असेल किंवा मुंबईच्या गिरणगावात हे जवळून बघितलं असेल तर सांगा, आम्ही नेमकं काय विचारायचं, कोणाला, आणि कधी.

चुनखडी

ताई, मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, वाडे, देवळं, आणि दोन गिरण्यांवरही होतो. तुमचे प्रश्न बरोबर आहेत, फक्त ते तांत्रिक भाषेत आणि लेखी गेले पाहिजेत, म्हणजे "बघू" असं उत्तर देता येणार नाही.

चिमणीपासून सुरुवात करतो कारण जिवाचा प्रश्न तिथेच आहे. विटांची चिमणी कलते त्याचं कारण बऱ्याचदा पाया नसतो. वर्षानुवर्षं कोळशाच्या धुरातलं गंधक आतून दर्जांमध्ये, म्हणजे विटांमधल्या सांध्यांत, मुरतं, बाहेरून पावसाच्या माऱ्याची बाजू जास्त ओली राहते, त्या बाजूचा विटा जोडणारा मसाला फुगतो आणि चिमणी हळूहळू उलट्या बाजूला झुकते. म्हणजे ती कलली आहे का हा प्रश्न अर्धाच आहे, कलणं अजून चालू आहे का हा खरा प्रश्न. त्यासाठी टोटल स्टेशनने (मोजणीच्या यंत्राने) मोजून नोंद ठेवायची, काही महिन्यांनी परत मोजायचं, भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवायच्या, भेग हलली की पट्टी तडकते. हे मोजमाप पावसाळ्याच्या आधी आणि नंतर असं दोन्ही वेळा व्हायला हवं. तुम्ही विचारायचं की हे केलंय का, कोणी केलं, आकडे दाखवा. आणि वीज पडली तर ती जमिनीत जावी म्हणून वरपासून खालपर्यंत जी तांब्याची पट्टी असते ती जागेवर आहे का तेही बघायला सांगा, बंद गिरण्यांत ती सगळ्यात आधी चोरीला जाते.

पिंपळ कोणालाही उपटू देऊ नका! मुळं भिंतीत गेलेली असतात, ओढलं की विटा सुटून खाली येतात. फांद्या छाटून, बुंधा कापून त्यावर औषध लावून मूळ जागेवरच मारायचं आणि मग पोकळी चुन्याच्या पातळ मसाल्याने भरायची. परांचीशिवाय आणि खाली जाळी बांधल्याशिवाय माणूस वर चढवू नये, आणि तेवढे दिवस त्या पहिल्या खोल्यांतल्या लोकांची दुसरीकडे सोय करणं हे ठेकेदाराच्या कामात धरलेलं असायला हवं. अंदाजपत्रकात त्याची ओळ नसेल तर ती सोय होणार नाही, एवढं नक्की समजा.

पत्र्यांबद्दल. जुने सिमेंटचे पत्रे म्हणजे बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस. जागेवर अखंड आहेत तोवर फारसा धोका नाही, पण फोडले, कापले, वरून खाली टाकले की बारीक तंतू हवेत जातात आणि ते फुप्फुसात गेले की त्रास वीसतीस वर्षांनी दिसतो, म्हणून कोणी मनावर घेत नाही. काढायचे असतील तर आधी पाणी मारून ओले करायचे, बोल्ट सोडून अख्खा पत्रा उतरवायचा, जाड प्लास्टिकमध्ये गुंडाळायचा आणि घातक कचऱ्याच्या नियमांप्रमाणे परवानगी असलेल्या ठिकाणीच न्यायचा. कोरड्या झाडूने झाडायचं नाही. आणि एक विनंती, फुटलेले पत्रे फुकट मिळतात म्हणून गोठ्याला, न्हाणीघराला आणू नका, हे मी प्रत्येक ठिकाणी बघतो.

तलावाचा मुद्दा तर हॉलमध्ये सगळ्यात आधी यायला हवा होता. वाफेवरच्या गिरणीला इंजिनाची वाफ थंड करायला सतत पाणी लागायचं, त्यासाठी हे हौद बांधलेले. करवती छपरात प्रत्येक दोन दातांच्या मध्ये पन्हाळ असते, त्या सगळ्या पन्हाळी आतल्या ओतीव खांबांतून किंवा पाइपांतून जमिनीखालच्या नाल्यांत उतरतात आणि शेवटी बहुतेक करून हौदात. म्हणजे तो हौद तुमच्या चाळीचा पूर अडवतोय. हिशेब तुम्हीही करू शकता. एक हजार चौरस मीटर छपरावर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस पडला तर एक लाख लिटर पाणी होतं. गिरणीचं छप्पर किती हजार चौरस मीटर आहे ते नकाशात मिळेल, गुणाकार करा आणि विचारा, हे पाणी हौद बुजवल्यावर कुठून कुठे नेणार, नाल्याचा व्यास किती, उतार कुठे. आवारात काँक्रीटचं पार्किंग केलं की जमिनीत मुरणारं पाणीही वर राहणार, ते वेगळंच.

आता एक गोष्ट गिरणीच्या बाजूने. निविदेत सिमेंट प्लास्टर आणि ॲक्रिलिक रंग आहे का ते बघा, असला तर जोरात हरकत घ्या. चुन्यातल्या विटांची भिंत ओल घेते आणि सोडते. बाहेरून सिमेंट चोपडलं की ओल आत कोंडते, लोणा धरतो म्हणजे क्षार फुलतात, आणि काही पावसाळ्यांत विटेचा चेहराच गळून पडतो. दर्जा चुना-सुरखीतच (सुरखी म्हणजे विटांची पूड) भराव्यात. चुना सावकाश धरतो आणि भर पावसात करता येत नाही, म्हणून हे काम दिवाळीनंतर ते मे असंच चालतं. "सहा महिन्यांत उद्घाटन" असं कोणी म्हणत असेल तर समजायचं की भिंतींना सिमेंटच लागणार आहे.

आणखी एक, छपराच्या उत्तरेकडच्या काचा. सूर्य आपल्याकडे बराचसा वर्षभर दक्षिणेकडून जातो, म्हणून काचेची बाजू उत्तरेला ठेवली की साच्यावर दिवसभर सारखा उजेड पडतो, ऊन पडत नाही, सावल्या हलत नाहीत, धागा तुटलेला लगेच दिसतो. गिरणीचं सगळं शहाणपण त्या छपरात आहे. ते काढून सपाट स्लॅब टाकला तर मग जतन नेमकं कशाचं केलं? लोकांना घड्याळाचा मनोरा आवडतो फोटोसाठी, पण मला विचाराल तर छप्पर आधी.

परळ_नाका

चुनखडी यांनी बांधकामाचं सांगितलं, मी माणसांचं सांगतो. आम्ही तीन पिढ्या गिरणगावात.

इथे सगळं भव्य शब्दांनीच सुरू झालं होतं. १९९१ च्या विकास नियमावलीत ५८ नंबरचा नियम होता, गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे, एक पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. ऐकायला किती न्याय्य! मग २००१ मध्ये दुरुस्ती आली आणि वाटे फक्त रिकाम्या जमिनीचे करायचे ठरलं, म्हणजे जिथे शेड उभी आहे ती जमीन वाटणीतून बाहेर. हायकोर्टात लढाई झाली, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टात ती दुरुस्ती टिकली आणि बागांच्या आणि घरांच्या वाट्याला जे आलं ते मूळ हिशेबाच्या कितीतरी खाली गेलं. एका शब्दाची व्याख्या बदलली आणि अख्ख्या गिरणगावाचा नकाशा बदलला. म्हणून ताई, स्लाईडकडे बघू नका, ठरावाचा मजकूर बघा. त्यात "आवार", "परिसर", "अतिक्रमण", "सुशोभीकरण" हे शब्द कशाकशाला लावलेत ते एकेक ओळ वाचून काढा.

दुसरं, वापर. दुरुस्त केलेल्या शेडमध्ये पुढे काय चालणार हे आजच लिहून घ्या. इथे गिरण्यांच्या आवारात ऑफिसं, हॉटेलं, पब सगळं आलं. २९ डिसेंबर २०१७ ला, मध्यरात्र उलटून गेल्यावर, कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली, १४ जणं गेली. त्याच्या आधी तीनच महिने, २९ सप्टेंबरला, एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या जिन्यावर चेंगराचेंगरीत २३ जण गेले, ज्या भागात पूर्वी पाळीला येणारा कामगार आसपास राहायचा आणि चालत यायचा तिथे आता लाखो माणसं लोकलने उतरत होती आणि जिना तोच जुना अरुंद. जुनी जागा नव्या वापराला दिली तर रस्ता, जिना, आगीचा बंब आत वळेल एवढी जागा हे सगळं आधी मोजावं लागतं. तुमच्या गल्लीत घंटागाडी अडते म्हणता, तर तिथे बंब कसा येणार हा प्रश्न पहिल्या पानावर घ्या. त्यात चाळीचाही जीव आहे, नुसता पाहुण्यांचा नाही.

तिसरं, संग्रहालयात काय ठेवणार. यंत्रं बहुतेक भंगारात गेलेली असतात, जी उरलीत त्यांची यादी आणि फोटो आजच करून घ्या, काम सुरू झाल्यावर "जुनं सामान" म्हणून ट्रक भरून जातं. आणि टाइम ऑफिसमधली मस्टर म्हणजे हजेरीची पुस्तकं, पगारपत्रकं, तिकीट नंबरांची रजिस्टरं दिसली तर ती कोणालाही फेकू देऊ नका. मुंबईत १९८२ च्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, १८ जानेवारीला सुरू झालेला तो संप कधी अधिकृतपणे मागेच घेतला गेला नाही, आणि नंतर जेव्हा घरांसाठी अर्ज मागवले तेव्हा दीड लाखाहून जास्त अर्ज आले. तेव्हा माणसं कागद शोधत फिरत होती, मी स्वतः माझ्या आजोबांचं गिरणीचं ओळखपत्र ट्रंकेच्या तळातून काढलंय. तुमच्याकडे कोणाचा फंड, कोणाची ग्रॅच्युइटी अजून अडकलेली असेल तर ते मस्टर म्हणजे पुरावा आहे, काचेच्या कपाटात ठेवायच्या आधी त्याच्या स्कॅन प्रती कामगारांना मिळाल्या पाहिजेत.

संग्रहालयात नुसती मालकाची तसबीर आणि साच्याचं मॉडेल नको. जॉबर (कामगार भरती करणारे मुकादम), बदलीवाले (गैरहजर माणसाच्या जागी काम करणारे), वाइंडिंगमधल्या बायका, खानावळी चालवणाऱ्या बायका, डबे पोचवणारे, हे सगळे आले पाहिजेत. तुमच्या आत्या आहेत ना अजून? मग आजच मोबाइलवर बोलतं करा त्यांना.

पाणी_आधी

थोडं वेगळं बोलतो, राग नसावा. आमच्याकडे आठवड्यातून दोनदा नळाला पाणी येतं, शाळेची भिंत पडायला आलीये, आणि नगरपरिषद म्हणते वारसा जपू. वारसा कोणाला नको आहे, पण एवढा पैसा एका बंद गिरणीवर घालायचा आणि नंतर तिचं लाइट बिल, रखवालदार, झाडलोट हे सगळं आमच्याच घरपट्टीतून. किती ठिकाणी बघितलंय, मंत्री येतात, फीत कापतात, दोन वर्षांनी कारंजं बंद, काचा फुटलेल्या, आत कुत्री. मला वाटतं ताईंच्या शेजाऱ्यांनी विरोधच करावा, निदान काम थांबेल तरी आणि मग बसून बोलता येईल.

चुनखडी

@पाणी_आधी, देखभालीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण काम थांबवण्याने गिरणी आहे तशी राहत नाही हो, तीच तर गोम आहे. उघड्या छपरातून दर पावसाळ्यात पाणी आत जातं, सागवानी तुळयांची टोकं भिंतीत कुजतात, ओतीव लोखंडाचे खांब दाब घेतात पण वाकवलं की एकदम तडकतात. पाचसात वर्षांनी हीच नगरपरिषद "धोकादायक इमारत" म्हणून जेसीबी लावेल आणि चिमणी तेव्हाही चाळीशेजारीच असेल. निधीचं म्हणाल तर अशा कामाचा पैसा पुष्कळदा त्याच कामासाठी आलेला असतो, तो पाण्याच्या योजनेकडे वळवता येत नाही, पण ते तुमच्या गावात तसं आहे का हे विचारायलाच हवं.

माझं म्हणणं, थांबवा म्हणू नका, क्रम बदला म्हणा. आधी छप्पर आणि पन्हाळी, चिमणी, नाले. सगळं कोरडं आणि सुरक्षित झालं की मग वापराचं बघा. दिवे, हिरवळ, कारंजं सगळ्यात शेवटी. पैसे मध्येच संपले तरी इमारत वाचलेली असेल आणि चाळही.

अर्जदार_१०_रुपये

मी वकील नाही पण नगरपरिषदेच्या कागदांमागे बरंच फिरलोय, त्यामुळे कागदाचं सांगतो.

सगळ्यात आधी जागेचा कागद. गिरणी आणि चाळ एकाच सर्व्हे नंबरात आहेत की वेगळ्या, प्रॉपर्टी कार्डवर काय नोंद आहे, ताबा देताना मोजणी झाली का, मोजणीच्या नकाशात चाळ आत आहे की बाहेर. भूमी अभिलेखमधून नक्कल काढा, हे तोंडी कोणाच्या सांगण्यावर सोडू नका. मग विकास आराखड्यात त्या जागेवर आरक्षण कसलं आहे ते बघा. आधी औद्योगिक असेल आणि आता सार्वजनिक वापर दाखवायचा असेल तर एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायदा १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदल करावा लागतो, त्याची नोटीस निघते आणि हरकती-सूचनांसाठी एक महिना मिळतो. ही नोटीस राजपत्रात आणि पेपरच्या आतल्या पानावर येते, कोणी घरी आणून देत नाही. महिना गेला की गेला. म्हणून कोणीतरी एकाने रोज नोटीस बोर्ड बघायची जबाबदारी घ्या.

डीपीआर दाखवत नसतील तर माहिती अधिकार. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत लागतो, म्हणून सगळं एका अर्जात कोंबू नका, परत येईल. एका अर्जात डीपीआर आणि अंदाजपत्रकाची प्रत मागा, दुसऱ्यात चिमणीचा आणि इमारतीचा स्ट्रक्चरल ऑडिट अहवाल, तिसऱ्यात सर्वसाधारण सभेचा ठराव टिपणीसकट. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, पोच घ्यायची. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील. आणि हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, कायद्यात कामाची पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क आहे. चुना म्हणून सिमेंट वापरतायत अशी शंका आली तर नमुना मागता येतो.

आवाजाचं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाला दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, रात्र म्हणजे १० ते सकाळी ६, आणि त्या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर नाही. पण नियम आहे म्हणून आपोआप पाळला जात नाही. आवार भाड्याने द्यायच्या अटींमध्येच "ध्वनिक्षेपक फक्त बंद शेडच्या आत, अमुक वाजता बंद, मोडल्यास अनामत जप्त" असं घालून घ्या. भाडेकराराच्या अटी ठरावाचा भाग असल्या की नंतरच्या बॉडीला सहज बदलता येत नाहीत, परत सभेत आणावं लागतं.

चाळीसाठी वेगळं सांगतो. "चाळीला धक्का लागणार नाही" हे हॉलमधलं वाक्य ठरावात यायला हवं, नकाशा जोडून, घर क्रमांकांसकट. भाड्याच्या पावत्या, जुनी लाइट बिलं, मतदार यादी, रेशन कार्ड, घरपट्टी लागत असेल तर ती, सगळ्या घरांचं एकत्र फाइलिंग करा. ज्यांच्या पावत्या पुरात गेल्या त्यांची नावं गिरणीच्या भाडे रजिस्टरात असतील, ते रजिस्टर अवसायकाने ताब्यासोबत नगरपरिषदेला दिलं का हेही विचारा. या एका मुद्द्यासाठी मात्र खरंच वकील गाठा, तालुक्याला विधी सेवा समितीकडे मोफत सल्ला मिळू शकतो. नोकरीसोबत मिळालेली खोली आणि भाड्याची खोली यात कोर्टात फरक होतो, त्यावर इथे कोणी छातीठोक सांगू नये, मीही सांगणार नाही.

वेळ कधीची? वर्क ऑर्डरच्या, म्हणजे ठेकेदाराला काम सुरू करायचा आदेश निघायच्या, आधी. एकदा ठेकेदार आला की प्रत्येक बदल म्हणजे वाढीव खर्च आणि मग "आता उशीर झाला" हे उत्तर तयार असतं.

भोंगा_सातचा

खूप आभार सगळ्यांचे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री चाळीत हे सगळं वाचून दाखवलं. छपराच्या पाण्याचा हिशेब ऐकून जे काका हॉलमध्ये सगळ्यात जास्त ओरडत होते तेच म्हणाले की मला नकाशा दे, मी गुणाकार करतो, ते गिरणीच्या स्टोअरला होते.

@पाणी_आधी, दादा तुमचं म्हणणं पटत नाही असं नाही, आमच्याकडेही नळाची तीच गत आहे. पण विरोध केला तर आमच्याशी पुढे कोणी बोलणारच नाही अशी मला भीती आहे. देखभालीचं मात्र घेतलंय, पहिल्या पाच वर्षांचा देखभालीचा खर्च कुठल्या हेडमधून हे विचारणार आहोत.

विरोधाच्या अर्जाऐवजी मागण्यांचा अर्ज करायचं ठरलंय. चिमणीचं मोजमाप, ॲस्बेस्टॉस, तलाव, बंबाचा रस्ता, आवाजाच्या अटी, चाळ नकाशासकट ठरावात, आणि मस्टर. एक विचारायचं राहिलं, तलाव बुजवूच नका असं म्हणावं का? तो ठेवून पार्किंग दुसरीकडे, असं काही होतं का कुठे? तिथे लहान मुलं पडतील ही भीती पण आहे.

चुनखडी

म्हणाच, तीच पहिली मागणी करा. गाळ काढून, कडेला कठडा आणि आत उतरायला एकच कुलूपबंद वाट ठेवली की मुलांचा प्रश्न सुटतो. बांधकामाला, बागेला, आगीच्या बंबाला तेच पाणी वापरता येतं, अग्निशमनासाठी नाहीतरी टाकी बांधावीच लागेल, तिचा खर्च वाचतो हे अंदाजपत्रकात दाखवा, इंजिनीयर लोक त्यावर लगेच ऐकतात. फक्त गाळ काढायच्या आधी त्याची तपासणी करून घ्या, रंगखात्याचं पाणी आणि फर्नेस ऑइल वर्षानुवर्षं तिथे गेलेलं असू शकतं, तो गाळ शेतात किंवा गल्लीत भराव म्हणून टाकू देऊ नका. पार्किंग गेटबाहेर मुख्य रस्त्याच्या बाजूला मागा. तुमच्या गल्लीतून प्रवेशच नको, जुन्या गिरणीला कापूस आणि कोळसा यायला दुसरं गेट नक्की असणार, ते शोधा.

भोंगा_सातचा

आहे! रेल्वे सायडिंगच्या बाजूला, विटांनी बुजवलेलं. उद्या फोटो काढून टाकते.

परळ_नाका

टाका. आणि आत्यांचं रेकॉर्डिंग विसरू नका.